फुकटची शाळा आणि उलानबातरचे हेडमास्तर

मंगोलियाची राजधानी उलानबातर. 2012 साली तिथला पंधरा वर्षांचा एक शाळकरी मुलगा अमेरिकेतल्या एमआयटी या नामवंत संस्थेचा विद्युत-मंडलांचा अभ्यासक्रम इंटरनेटवरून शिकत होता. अभ्यासक्रम कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या तोडीचा, फी शून्य. शिकवणाऱ्यांत मुख्य होते मंगळूरचे प्रा. अनंत अग्रवाल. जगभरातून सुमारे 1 लाख 55 हजार जणांनी नावे घातली. पैकीच्या पैकी गुण पटकावणारे निघाले 340, आणि हा मुलगा त्यांतला एक. पुढे एमआयटीनेच त्याला प्रवेश दिला.

ही गोष्ट जगाला फार आवडली. आवडण्यासारखीच आहे. मात्र ती सांगताना एक पात्र हटकून गाळले जाते, ते म्हणजे त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक. हे गृहस्थ स्वतः एमआयटीत शिकून मायदेशी परतलेले. त्यांनी काही मुलांना एकत्र बसवून हा अभ्यास करायला लावला. पडद्यावरच्या व्याख्यानाने हाताला सवय लागत नाही, हे ओळखून प्रयोगाचे साहित्य घेऊन येणारा स्टॅनफर्डचा एक संशोधकही गाठला.

असा हेडमास्तर नसलेल्यांचे काय झाले? त्या दीड लाखांतून प्रमाणपत्रापर्यंत पोचले 7,157. म्हणजे शेकडा पाचही नाहीत. बाकीच्यांना आळशी म्हणण्याचा अधिकार निदान मला नाही. मीही एका अभ्यासक्रमाला हौसेने नाव घातले होते. तिसऱ्या आठवड्यात घरी पाहुणे आले आणि प्राध्यापकमहाशय जे मागे राहिले ते राहिलेच! विचारणारे कोणीच नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने 2013 मध्ये अशा विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा शेकडा ऐंशीहून अधिक जण आधीच पदवीधर असल्याचे आढळले. ज्यांच्यासाठी दार उघडले, त्यांच्याआधी शिकलेलेच आत शिरले म्हणायचे.

आपल्याकडे 2017 पासून सरकारचे ‘स्वयम्’ आहे. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट ऐकावीत. परीक्षेला बसायचे असेल तर शुल्क भरून केंद्रावर जावे. सोय उत्तमच. पण बहुतेक व्याख्याने इंग्रजीत, तेव्हा मराठी शाळेतून आलेल्या मुलाला आधी भाषेशी झटावे लागते आणि मग विषयाशी. काही कॉलेजांत एखाद्या प्राध्यापकावर या मुलांची जबाबदारी सोपवलेली असते. तो खरोखर चौकशी करणारा असला, तर निम्मे काम झाले.

आमच्या सोसायटीतल्या तीन मुलींनी एकाच बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला नावे घातली होती. तिघीही हुशार. दोघी रविवारी दुपारी जेवणे आटोपली की एकीच्या घरी बसत. एकीने कंटाळा केला की दुसरी खालून हाका मारी. दोघींनी परीक्षा दिली. तिसरी तळमजल्यावर एकटीच करत होती. तिचा सहाव्या आठवड्यात सुटला, आणि ते आम्हाला कळले दिवाळीत.