दगडाचं दप्तर – 9 : वरळीच्या बेडकाची साक्ष

संध्याकाळी वरळी सी-फेसवर फिरताना एका हाताला खारा समुद्र असतो, दुसऱ्या हाताला इमारती. याच वरळीत, पातळ पापुद्र्यांच्या काळपट दगडात, एकोणिसाव्या शतकात बेडकांचे सांगाडे मिळाले. लंडनला रिचर्ड ओवेन यांनी ते तपासले आणि 1847 मध्ये त्यांचं बारसं केलं : राना पुसिला. पुसिला म्हणजे चिमुकली. पाचच वर्षं आधी 'डायनोसॉर' हा शब्द घडवणाऱ्या माणसाला मुंबईच्या चिमुकल्या बेडकासाठीही सवड होती, हे मला फार आवडतं. पुढे 1930 मध्ये अमेरिकेच्या जी. के. नोबल यांनी या बेडकासाठी इंडोबॅट्राकस ही वेगळी प्रजाती केली.

मागच्या भागात परागकणांकडून जुन्या जंगलांचा पत्ता काढला. बेडूक पाण्याचा पत्ता सांगतो, कारण त्याच्या अंगाला कवच नाही, खवले नाहीत, केस नाहीत. तो तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो, थोडा श्वासही कातडीतूनच घेतो. अशी कातडी खाऱ्या पाण्यात बुडाली की काय होतं, ते कोशिंबीर करणाऱ्याला ठाऊक असतं. चिरलेल्या काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच बेडकाचं होतं. आग्नेय आशियात खेकडे खाणारा एक बेडूक रक्तात युरिया साठवून खारफुटीत तग धरतो, पण तो अपवाद. बाकी बहुतेक बेडकांना गोडं पाणी लागतं.

तेव्हा सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आजच्या वरळीच्या जागी गोडं तळं होतं. दख्खनचा लाव्हा काही एका दमात ओतला गेला नाही. एक लोट थिजायचा, मग मोठी उसंत मिळायची. त्या उसंतीत पाऊस पडे, खोलगट जागी पाणी साचे, झाडं उगवत, बेडूक येत. मग पुढचा लोट येऊन सगळं झाकून टाकी. दोन लोटांच्या मधल्या या गाळथरांना भूशास्त्रज्ञ 'इंटरट्रॅपियन' म्हणतात. वरळीचा बेडूक अशाच एका उसंतीतला रहिवासी.

मात्र साक्षीदाराची उलटतपासणी हवीच. सुटं हाड नदी कुठून कुठे नेऊन टाकील, सांगता येत नाही. काडीसारखी नाजूक हाडं अजून एकमेकांना धरून असतील, तर तो प्राणी फार वाहत आलेला नाही आणि पाणी संथ होतं, एवढं म्हणता येतं. सोबतीला कोण आहे तेही पाहावं लागतं. मुंबईच्या याच प्रकारच्या थरांत कासवं मिळाली आहेत. आंबोली टेकडीतल्या (अंधेरीजवळच्या, सावंतवाडीकडच्या नव्हे) अशाच एका कासवाचं वर्णन 2003 मध्ये प्रसिद्ध झालं. ते मान आडवी दुमडून कवचाच्या कडेखाली घेणाऱ्या गटातलं. आज भारतातलं कुठलंच कासव असं करत नाही, मान आत घेणारी कासवं ती सरळ मागे ओढतात. आडव्या मानेची कासवं आता दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर आणि ऑस्ट्रेलियाकडे उरली आहेत. हे सगळे भूभाग एके काळी भारतासह गोंडवनात होते.

पाण्याचं झालं, आता उन्हाचं. सापाला 'थंड रक्ताचा' म्हणतात, ते बरोबर नाही. भर दुपारी त्याचं रक्त तुमच्याआमच्याइतकं गरम असू शकतं. फक्त ती ऊब उसनी असते, बाहेरून घेतलेली. गारव्यात सापाची पचनापासून सगळी कामं मंदावतात, म्हणून थंड मुलुखात साप फार मोठा होऊ शकत नाही. याच धाग्यावरून कोलंबियातल्या सेरेहोन कोळसा खाणीत मिळालेल्या टायटनोबोआ या नामशेष सापाचा हिशेब 2009 मध्ये मांडला गेला : लांबी सुमारे 13 मीटर, त्यावरून तिथलं वर्षाचं सरासरी तापमान 30 ते 34 अंश सेल्सिअस. लगेच हरकतीही आल्या. अवाढव्य शरीर ऊब धरून ठेवतं, साप ऊन-सावली निवडतो, मग नुसत्या लांबीवरून हवामान कसं ठरवायचं? हरकत रास्त आहे. मला हा आकडा पुरावा म्हणून मान्य आहे, निकाल म्हणून नाही.

आपल्याकडचा जोडीदार कच्छचा. पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीतले 27 मणके 2005 मध्ये हाती आले तेव्हा आधी ते मगरीचे वाटले. 2024 मध्ये आयआयटी रुरकीच्या देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी ते सापाचे म्हणून जाहीर केले : वासुकी इंडिकस, वय सुमारे 4 कोटी 70 लाख वर्षं, अंदाजे लांबी 11 ते 15 मीटर, तापमानाचा अंदाज 28 अंश. इथे आकड्याला जोड मिळते ती खाणीची. लिग्नाइट म्हणजे दलदलीत साचलेल्या झाडपाल्याचा कच्चा कोळसा. आज बाभळी आणि काटेरी झुडपं असलेल्या त्या रुक्ष मुलखात तेव्हा पाय रुतेल असा चिखल होता, आणि त्यातून बसच्या लांबीचा साप सरपटत होता.

पुढच्या आठवड्यात कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समेअर बेटावर जाऊ. हिवाळ्यात तिथे काही महिने सूर्य उगवत नाही. तिथल्या दगडात मगरीच्या गोतातल्या अ‍ॅलिगेटरचे अवशेष मिळाले आहेत.