रोझ बोल सामना, पहिला

रोझ बोल सामना, पहिला : अ. सं. सं. मधील महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासातील, नेहमीचा हंगाम संपल्यानंतर खेळला गेलेला पहिला ‘बोल’ सामना. १ जानेवारी १९०२ रोजी कॅलिफोर्निया राज्यातील पॅसाडीना येथे मिशिगन व स्टॅनफर्ड या विद्यापीठांच्या संघांत तो झाला व मिशिगनने ४९–० असा जिंकला. येथे फुटबॉल म्हणजे भारतात परिचित असलेला, गोल चेंडू पायाने खेळण्याचा खेळ नव्हे. अंडाकृती चेंडू हातात धरून प्रतिपक्षाची फळी भेदीत पुढे जाण्याचा, रग्बीपासून विकसित झालेला अमेरिकन फुटबॉल होय.

पॅसाडीना येथील व्हॅली हंट क्लबने १८९० पासून नववर्षदिनी फुलांनी सजविलेल्या वाहनांची मिरवणूक काढण्यास प्रारंभ केला. पूर्वेकडील राज्ये बर्फाखाली असताना कॅलिफोर्नियात गुलाब फुलतात, हे देशाला दाखविणे हा त्यामागील हेतू होता. मिरवणुकीनंतर शर्यती व इतर खेळ होत. १९०२ च्या समारंभासाठी संयोजन-समितीचे अध्यक्ष जेम्स वॅग्नर यांनी पूर्व व पश्चिम भागांतील संघांच्या फुटबॉल सामन्याची कल्पना मांडली. मिशिगनच्या संघास खर्चापोटी ३,५०० डॉलरांची हमी देण्यात आली व खेळाडू आगगाडीने निम्मा देश ओलांडून पॅसाडीनास आले.

मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट हे आदल्याच वर्षी, म्हणजे १९०० च्या हंगामात, स्टॅनफर्डचे प्रशिक्षक होते. प्रशिक्षक हा विद्यापीठाचा माजी विद्यार्थीच असावा, असे धोरण स्टॅनफर्डने स्वीकारल्यामुळे त्यांना ते पद सोडावे लागले. मिशिगनचा धावपटू विली हेस्टन हाही कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथील अध्यापक विद्यालयातून योस्ट यांच्यामागोमाग आलेला होता. स्टॅनफर्डला सर्वांत महाग पडलेल्या व्यक्तींपैकी दोघे असे त्याच्याच शेजारातून गेलेले होते. १९०१ च्या हंगामातील पहिल्या दहा सामन्यांत मिशिगनने ५०१ गुण मिळविले व प्रतिपक्षांना एकही गुण मिळू दिला नाही. बफालो विद्यापीठाविरुद्धचा सामना तर त्याने १२८–० असा जिंकला होता. ‘मिनिटाला एक गुण’ मिळविणारा संघ अशी त्याची ख्याती झाली, ती यामुळेच.

त्या काळचे नियम आजच्यापेक्षा बरेच वेगळे होते. मैदानाची लांबी ११० यार्ड (सु. १०१ मी.) असे. तीन प्रयत्नांत पाच यार्ड (सु. ४·५ मी.) पुढे सरकले, तरच चेंडू संघाकडे राहत असे. चेंडू पुढच्या दिशेने हाताने फेकण्यास मनाई होती. त्यामुळे खेळाडूंचे दाट घोळके एकमेकांवर आदळत आणि दमदार शरीर व न थकणारी छाती यांना कौशल्याइतकेच महत्त्व येई. टचडाउन व फील्ड गोल यांना प्रत्येकी पाच आणि टचडाउननंतरच्या यशस्वी लाथेस एक, असे गुण मिळत.

टूर्नामेंट पार्क या उघड्या मैदानावर सु. ८,००० प्रेक्षक जमले होते. आरंभी स्टॅनफर्डने चिवट प्रतिकार केला व पूर्वार्धाचा बराच काळ गुणफलक कोरा राहिला. नंतर नील स्नो या खेळाडूने पहिले टचडाउन केले. एव्हरेट स्वीली याने फील्ड गोल मारला आणि कर्टिस रेडन याने स्टॅनफर्डने लाथेने परतविलेला चेंडू झेलून थेट अंतिम रेषेपर्यंत नेला. मध्यंतरास मिशिगनचे १७ गुण झाले होते. उत्तरार्धात स्टॅनफर्डची फळी कोलमडली. हेस्टनने एकूण सु. १७० यार्ड धाव घेतली. पण प्रत्यक्ष टचडाउन एकही केले नाही. ते काम मुख्यतः स्नोकडे होते व त्याने एकट्याने पाच टचडाउन केले. रेडनने दोन व ॲल्बर्ट हर्नस्टाइनने एक टचडाउन केले. मिशिगनने आरंभीच्या ११ खेळाडूंपैकी एकासही बदलले नाही. स्टॅनफर्डचे खेळाडू मात्र जखमी होऊन एकापाठोपाठ एक बाहेर पडत होते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या नात्यातील विल्यम रूझवेल्ट हा पाय मोडलेला असतानाही काही वेळ खेळत राहिला, असे सांगतात. सामना संपण्यास आठ मिनिटे उरली असताना स्टॅनफर्डचा कर्णधार राल्फ फिशर याने खेळ थांबविण्याची विनंती केली व मिशिगनचा कर्णधार ह्यू व्हाइट याने ती मान्य केली.

या सामन्यास पूर्व–पश्चिम अजिंक्यपदाचा सामना म्हणण्यात आले. तथापि ते बिरुद सावधपणे घ्यावयास हवे. पूर्वेचा प्रतिनिधी म्हणून आलेला मिशिगन हा वस्तुतः मध्य-पश्चिमेकडील संघ होता. खऱ्या पूर्वेकडील हार्व्हर्डने त्या हंगामातील आपले सर्व १२ सामने जिंकले होते व येलचा २२–० असा पराभव केला होता. तो संघ पॅसाडीनास आलाच नाही. पश्चिमेचा म्हणून खेळलेला स्टॅनफर्ड त्याच हंगामात कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून २–० असा हरला होता. राष्ट्रीय विजेता ठरविणारी कोणतीही संस्था तेव्हा अस्तित्वात नव्हती. पुढे वेगवेगळ्या परीक्षकांनी पूर्वलक्षी निवड केली, तेव्हा काहींनी १९०१ चे विजेतेपद मिशिगनला, तर काहींनी हार्व्हर्डला दिले. ५५०–० हा मिशिगनचा संपूर्ण हंगामाचा आकडा मात्र वादातीत आहे.

संयोजकांच्या दृष्टीने सामना तोट्याचा ठरला नाही. पण एवढा एकतर्फी खेळ पुन्हा भरविण्याचा उत्साह त्यांना राहिला नाही. १९०३ मध्ये त्याऐवजी पोलो खेळविण्यात आला आणि १९०४ पासून १९१५ पर्यंत ‘बेन हर’ या ल्यू वॉलेस यांच्या कादंबरीमुळे लोकप्रिय झालेल्या रोमन पद्धतीच्या रथांच्या शर्यती होत राहिल्या. दरम्यान फुटबॉलवरच संकट ओढवले. १९०५ च्या हंगामात किमान १८ खेळाडू मृत्युमुखी पडले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हार्व्हर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना चर्चेस बोलाविले, आणि १९०६ मध्ये नियम बदलून चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली. तीन प्रयत्नांत कापावयाचे अंतरही दहा यार्ड करण्यात आले. स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया या विद्यापीठांनी तर त्याच वर्षी हा खेळ सोडून रग्बी स्वीकारला.

पॅसाडीनास फुटबॉल परतला तो १९१६ मध्ये. त्या वर्षी वॉशिंग्टन स्टेट महाविद्यालयाने ब्राउन विद्यापीठास १४–० असे हरविले. ‘रोझ बोल’ हे नाव मात्र १९२२ मध्ये उभारलेल्या वाडग्याच्या आकाराच्या क्रीडागारावरून पडले; तेथील नववर्षदिनाचा पहिला सामना १९२३ मध्ये झाला. याच नावाचे अनुकरण करून इतर शहरांतही हंगामोत्तर ‘बोल’ सामने सुरू झाले. मिशिगन १ जानेवारी १९४८ रोजी रोझ बोलमध्ये पुन्हा खेळला. त्याने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा पराभव केला, तोही ४९–० असाच. पहिला सामना जेथे झाला, ते टूर्नामेंट पार्क पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या आवारात समाविष्ट झाले.