कानामागून पोटापर्यंत, कातडीखालून

मोठ्या माणसाच्या मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होते आणि रक्तात जिरते; बाळाच्या मेंदूत ते कमी असते. ही वाट तुंबली की तान्ह्या बाळाचे डोके वाढू लागते. अशा वेळी शंट बसवतात. सिलिकॉनची बारीक नळी जादा पाणी पोटात सोडते आणि ते तिथे शोषले जाते.

पण नळी कानामागून पोटापर्यंत न्यायची कशी? त्यासाठी टनेलर लागतो: बोथट टोकाची, हाताने वाकवता येणारी लांब स्टीलची सळई, बहुधा वर प्लास्टिकचे आवरण. खांद्याखाली कापडाची घडी ठेवून मान वळवली की मान आणि छाती एका रेषेत येतात. टोक कातडीखालच्या चरबीतून सरकते आणि सर्जनचा दुसरा हात ते बाहेरून सतत चाचपत असतो. खरी कसोटी गळ्याखालच्या आडव्या हाडाशी. टोक हाडावरूनच जायला हवे. खाली घुसले तर फुप्फुसाला भोक पडू शकते. फार वर आले तर बाळाची पातळ कातडी फाटते. मग सळई काढून नळी आवरणातून ओवतात. ती कातडीला लागत नाही, जंतुसंसर्गाचा धोका घटतो.

शंट महागच हवा असे नाही. युगांडात डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी आपल्या शाहजहानपूरच्या, तेव्हा सुमारे ३५ डॉलरच्या छाब्रा शंटची तुलना ६५० डॉलरच्या परदेशी शंटशी केली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात एका वर्षानंतर दोन्हींत लक्षणीय फरक नव्हता. ही अभिमानाची गोष्ट आहे.

शंट कोणताही असो, तो बसवलेल्या मुलाला ताप, उलट्या, गुंगी किंवा नळीच्या वाटेवर लाली दिसली तर त्याच दिवशी न्यूरोसर्जन गाठा.