छतामागचा सांगाडा: पत्रा की लाकूड?

फॉल्स सीलिंगचा जिप्सम बोर्ड स्क्रूने आवळला, सांध्यांवर टेप-पुट्टी झाली, रंगाचे दोन हात बसले की आतला सांगाडा कायमचा नजरेआड होतो. घरमालक झुंबर आणि एलईडीच्या पट्ट्या निवडायला चार संध्याकाळी देतो; चॅनल पत्र्याचे की बॅटन लाकडाचे, हे मात्र कंत्राटदार परस्पर ठरवून टाकतो. छताला पुढे ज्या भेगा पडतात, त्यांतल्या कितीतरींचं मूळ इथेच असतं.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. झाड तोडल्यावरही लाकूड हवेतला ओलावा घेत-सोडत राहतं. पावसाळ्यात कोकणातली आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आसपास जातं. विदर्भाच्या मे महिन्यात ते ५-६ टक्क्यांवर उतरतं. या चढउतारात लाकूड लांबीला जवळपास बदलत नाही, आडवं मात्र फुगतं आणि आकसतं. ५० मिलिमीटर रुंदीच्या सागवानी बॅटनमधला ओलावा १८ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला, तर ते साधारण १ मिलिमीटरने अरुंद होऊ शकतं. साग तसा स्थिर. घाईत आणलेलं, नीट न वाळवलेलं स्वस्त लाकूड याहून जास्त छळतं.

एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण बोर्ड लाकडासोबत आकसत नाही. स्क्रूचं टोक बॅटनमध्ये खोल रुतलेलं असतं. लाकूड आकसलं की बोर्डामागे बारीक फट पडते आणि बोर्ड जरा दाबला गेला की स्क्रूचं डोकं पुट्टी फोडून वर येतं. रंगाऱ्याने ते कितीही झाकलं, तरी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा दिसणारच. वाळवीचा धोका आणखी वेगळा.

जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याच्या चॅनलला ओलाव्याचं हे सोयरसुतक नाही. तापमान १० अंशांनी वाढलं, तर ४ मीटर लांब चॅनल जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतो. त्याचा शत्रू गंज. पत्र्यावर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त असेल, तर एका बाजूचा थर सुमारे ८ मायक्रॉन भरतो. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंड वाचवतं; कातरीने कापलेली कडाही ते काही प्रमाणात सांभाळतं. पण रत्नागिरी-मालवणची खारी हवा किंवा एसीच्या नळीची सततची गळती हा थर लवकर खाते. तिथे जस्ताचा जाड थर मागून घ्यावा.

आवाजाच्या बाबतीत निकाल अनपेक्षित लागतो. याच बोर्डाच्या पार्टिशनमध्ये ताठ लाकडी उभा खांब एका बाजूच्या बोर्डाची कंपनं थेट दुसऱ्या बाजूला पोचवतो. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा खांब किंचित लवतो आणि ती कंपनं अडवतो. त्यामुळे बोर्ड तेच, जाडी तीच आणि पोकळीत खनिज लोकर भरलेली असेल, तर पातळ पत्र्याचं पार्टिशन शेजारच्या खोलीतला टीव्ही जास्त चांगला दाबतं.

आगीत दोघांनाही पहिला आधार बोर्डाचाच. जिप्समच्या वजनात सुमारे २१ टक्के पाणी बांधलेलं असतं आणि ते वाफ होऊन जाईपर्यंत बोर्डामागचं तापमान फारसं चढत नाही. त्यानंतर लाकूड मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटर कोळसा होत जातं. वाड्यातली जाड तुळई म्हणूनच बराच वेळ तग धरते. इंचभर जाडीची पट्टी दोन्ही बाजूंनी पेटली, तर वीस मिनिटांत संपते. पोलादाची निम्मी ताकद ६०० अंशांच्या आसपास जाते, पण ते पेटत नाही. सीलिंगच्या पोकळीतून वीजतारा जातात, तिथे हा फरक मोठा ठरतो. फक्त पत्र्याच्या धारदार कडेवर तार घासू नये, म्हणून ती पाइपातूनच न्यावी.

लाकूड निर्विवाद जिंकतं ते पकडीत. पातळ पत्र्यातला स्क्रू जड टीव्ही किंवा किचनचं कपाट पेलत नाही. म्हणून सीलिंग आणि सरळ पार्टिशन जीआयमध्ये करावं. दाराची चौकट, टीव्ही, पडद्याचा रॉड यांच्या जागी आत वाळवलेलं लाकूड किंवा प्लाय बसवून घ्यावा. पंखा मात्र थेट स्लॅबच्या हुकालाच. बोर्ड चढवण्याआधी सांगाड्याचे फोटो काढून ठेवा आणि पत्र्याची जाडी व दोन चॅनलांमधलं अंतर स्वतः मोजून घ्या. एकदा बोर्ड बंद झाला की छत फोडल्याशिवाय ते कळणार नाही.