अडगळीतली तलवार

१९७७च्या ‘स्टार वॉर्स’मधली ल्यूकची प्रकाशाची तलवार आठवतेय? तिची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशची जुनी दांडी! बजेट तुटपुंजं, म्हणून सजावटकार रॉजर ख्रिश्चन यांनी ती लंडनच्या एका फोटोच्या दुकानातल्या अडगळीतून घेतली, काळ्या पट्ट्या चिकटवल्या, झालं काम. पुढे चाहत्यांनी चित्रं न्याहाळून एकेक भाग ओळखला; मुठीवरची चकाकती पट्टी तर चक्क कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवरची भिंगं निघाली. मग हुबेहूब तलवारीसाठी अस्सल दांड्यांची शोधाशोध सुरू झाली. किमती भडकल्या, जुने कॅमेरे जपणारे हळहळले. आता तशाच नव्या दांड्याही मिळतात, तेवढाच दिलासा. हौसेला मोल नसतं खरं. पण एकाच्या हौसेपायी दुसऱ्याचा ठेवा मोडू नये, एवढं भान हवंच ना?