पेशीसंवर्धित मांस आणि धम्माची कसोटी

सन २०२० च्या अखेरीस सिंगापूरने 'ईट जस्ट' या अमेरिकन नवोद्योगास पेशींपासून वाढविलेले कोंबडीचे मांस विकण्याची अनुमती दिली. अशी अनुमती देणारा तो जगातील पहिला देश होय. जून २०२३ मध्ये अमेरिकेने याच उद्योगाच्या 'गुड मीट' या शाखेस व 'अपसाइड फूड्स' या दुसऱ्या उद्योगास विक्रीची परवानगी दिली. प्राणी न मारता मांस मिळत असेल, तर धम्माच्या दृष्टीने त्याचे स्थान कोणते, या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम कृती समजून घेऊ. जिवंत प्राण्याच्या शरीरातून किंवा अंड्यातून काही पेशी घेतात. शर्करा, अमिनो आम्ले, क्षार व जीवनसत्त्वे असलेल्या पोषक द्रवात, बंद पोलादी टाक्यांमध्ये, त्या वाढवितात. पेशींची संख्या पुरेशी झाली की त्या गोळा करून त्यांचे खाद्य बनवितात. मात्र या द्रवात वासराच्या भ्रूणाच्या रक्तातील रक्तजल दीर्घकाळ वापरले जात असे. कत्तलखान्यात आलेल्या गाभण गाईंपासून ते मिळते. सिंगापुरात प्रथम विकलेल्या मांसासाठीही ते वापरले होते. रक्तजलरहित द्रवास तेथे जानेवारी २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

आता धम्माकडे वळू. मज्झिम निकायातील जीवक सुत्तात तथागतांनी भिक्खूंसाठी त्रिकोटिपरिशुद्धीचा नियम सांगितला आहे. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले वा तशी शंका आली, तर ते मांस वर्ज्य; अन्यथा ग्राह्य. भिक्खूंना मांसाहार सर्वस्वी वर्ज्य करावा ही देवदत्ताची मागणी त्यांनी नाकारली. त्याचबरोबर अंगुत्तर निकायात उपासकाने न करावयाच्या पाच व्यापारांत मांसविक्रीचाही समावेश आहे. म्हणजे तथागतांची दृष्टी ताटातील पदार्थापेक्षा त्यामागील हिंसेवर व उपजीविकेवर आहे. या कसोटीस रक्तजलावर वाढविलेले मांस निःशंकपणे उतरत नाही; रक्तजलाविना वाढविलेले मांस तिच्या पुष्कळ जवळ येते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हत्येची गरज व हत्येची इच्छा यांत भेद केला आहे. विज्ञानाने गरजच कमी केली, तर उरते ती केवळ इच्छा. या अर्थाने नवे तंत्र आमच्या विवेकापुढे खरा प्रश्न ठेवते, हे मान्य केले पाहिजे.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. या मांसाच्या पुरस्कर्त्यांनी काही काळ त्यास 'स्वच्छ मांस' असे नाव दिले होते. पुढे 'संवर्धित मांस' हे नाव रूढ झाले. एकाचे अन्न स्वच्छ म्हणताच दुसऱ्याचे आपोआप अस्वच्छ ठरते, आणि अन्नावरून माणूस अस्वच्छ ठरविण्याची रीत या देशाने शतकानुशतके चालविली आहे. अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेताना बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात गोमांसभक्षणाचा प्रश्न याच कारणाने मध्यवर्ती ठेवला. शिवाय २०२४ मध्ये सिंगापूरच्या एका दुकानात विक्रीस आलेल्या 'गुड मीट'च्या पदार्थात संवर्धित मांस केवळ ३ टक्के होते. उर्वरित भाग मुख्यतः वनस्पतिजन्य होता. जी वस्तू अद्याप सामान्यांच्या ताटापर्यंत पोहोचलेली नाही, तिच्या मापाने गरिबाचे ताट तोलणे हा करुणेचा मार्ग नव्हे.

म्हणून उपासक-उपासिकांनी या मांसाचा अंध स्वीकार करू नये व अंध धिक्कारही करू नये. पेशी कोठून आल्या, द्रव कशाचा, लाभ कोणाचा, हे विचारावे. कालाम सुत्ताने परीक्षेचा जो अधिकार आम्हास दिला आहे, तो नव्या अन्नासही लागू आहे. प्राण्यावरील करुणा आणि माणसाची प्रतिष्ठा या दोहोंपैकी एकीसाठी दुसरीचा बळी देण्यास धम्म सांगत नाही.