किल्ल्यावरची चित्रे आणि लाल रंग

दिवाळीत किल्ला बांधण्याची हौस मराठी कुटुंबांबरोबर महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे गेली आणि तेथेही रुजली. बेळगावात गल्लोगल्ली किल्ले उभे राहतात; बडोदे, इंदूरकडच्या मराठी घरांतूनही अंगणात किंवा गच्चीत दगडमाती जमवून मुले बुरूज रचतात. माती सर्वत्र मिळते, अळीव-मोहरी पेरून हिरवळही उगवते. अडचण येते ती किल्ल्यावर मांडावयाच्या चित्रांची. मावळे, तोफा, गवळणी, सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज ही मातीची चित्रे जेथे सहजी मिळत नाहीत, तेथील गृहिणी ती कागदात गुंडाळून वर्षानुवर्षे जपून ठेवतात. पेटीतून निघालेल्या चित्रांना मग नव्या रंगाचा हात द्यावा लागतो, आणि येथेच बहुतेकांची गाठ लाल रंगाशी पडते.

मावळ्याचे पागोटे, गवळणीचे लुगडे, सिंहासनाची गादी या सर्व ठिकाणी लाल रंगच शोभतो. निळा किंवा हिरवा रंग एक-दोन हातांत बरा दिसतो. लाल मात्र कोठे गुलाबी, कोठे गडद, कुंचल्याच्या रेघा उमटलेला असा दिसू लागतो. मुले मग आणखी दाट रंग थापतात, घड्या बुजतात आणि बोटभर उंचीच्या मावळ्याचे नाकडोळे हरवतात. दोष मुलांच्या हाताचा नसतो. लाल रंगाचा स्वभावच तसा आहे, आणि तो समजून घेतला तर उपाय अवघड नाही.

लाल रंग खालचे का झाकत नाही?

रंग म्हणजे रंगद्रव्याची बारीक पूड आणि ती चिकटवून धरणारा बंधक. मग तो डिंक असो वा ॲक्रिलिक. पूड आणि बंधक यांच्या अपवर्तनांकांत जितके अंतर अधिक, तितका प्रकाश अधिक विखुरतो आणि खालचा पृष्ठभाग झाकला जातो. बंधकाचा अपवर्तनांक साधारण १.५ असतो. पांढऱ्या रंगातील टिटॅनियम डायॉक्साइडचा सुमारे २.७, म्हणून पांढरा उत्तम झाकतो. आपल्या ओळखीच्या गेरूतील लोहाचे ऑक्साइडही असेच झाकणारे. आजच्या झगझगीत लाल रंगांतील पुष्कळ रंगद्रव्ये मात्र सेंद्रिय असतात. त्यांचा अपवर्तनांक बंधकाच्या बराच जवळ आणि कण अतिशय बारीक. त्यामुळे त्यांचा थर रंगीत काचेसारखा वागतो. प्रकाश त्यातून खाली जातो, अस्तरावरून परततो आणि पुन्हा त्यातूनच बाहेर पडतो. पांढऱ्या अस्तरावर थर जेथे पातळ तेथे गुलाबी आणि जेथे जाड तेथे गर्द दिसतो तो यामुळेच. काळ्या अस्तरावर खाली गेलेला प्रकाश परतच येत नाही, म्हणून तेथे लाल मळकट होतो.

घरातील रंगाची परीक्षा करावयाची असेल तर वर्तमानपत्राच्या मोठ्या मथळ्यावर त्याचा एक पट्टा ओढून वाळू द्यावा. अक्षरे जितकी स्पष्ट दिसतील, तितका रंग पारदर्शक समजावा.

जुने लाल रंग आणि त्यांचे विष

पूर्वीच्या कारागिरांना ही अडचण एवढी जाणवत नसे, कारण त्यांच्याजवळ हिंगूळ, शेंदूर आणि गेरू हे तीनही उत्तम झाकणारे रंग होते. पण हिंगूळ हे पाऱ्याचे संयुग आणि खरा शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड. देवघरातील शेंदूर डिंकात कालवून मुलांच्या हाती देण्याचा मोह कोणी कधीही करू नये. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक असते आणि त्याचे थोडे प्रमाणही निर्धोक मानले जात नाही. आपल्याकडे घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगांविषयी अशी खात्री देता येत नाही. म्हणून आजीच्या पेटीतील चित्राचा जुना रंग पॉलिश-पेपरने कोरडा घासून काढू नये. ती धूळ श्वासातून आणि बोटांवरून पोटात जाते. ओलसर फडक्याने हलके पुसावे आणि त्यावरच अस्तर द्यावे. पोपडे सुटलेले चित्र लहान मुलांच्या हाती देऊच नये.

कुंकवाचे पाणी लावण्याची युक्तीही टिकत नाही. हळद क्षाराच्या योगाने लाल होते. पण हळदीचा रंग उन्हात विटतो आणि आंबट पदार्थाचा स्पर्श होताच तो लाल पुन्हा पिवळा पडतो. गेरू मात्र निर्धोक आहे, स्वस्त आहे आणि उन्हातही विटत नाही. त्याचा खरा उपयोग पुढे येतोच.

अस्तर हे अर्धे काम

कच्ची माती आणि प्लास्टर दोन्ही पाणी शोषतात. त्यांवर थेट रंग लावला की पाणी क्षणात आत जाते, रंग जागच्या जागी थिजतो आणि कुंचल्याची प्रत्येक रेघ उमटून राहते. म्हणून प्रथम चित्र झटकून, पुसून, पांढऱ्या डिंकाचा एक भाग व पाण्याचे चार-पाच भाग असे मिश्रण सर्वांगास लावून पूर्ण वाळू द्यावे. आंध्रातील कोंडपल्लीचे कारागीर पोणिकी नावाच्या हलक्या लाकडाचे भाग चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून सांधतात आणि पांढरा हात देऊन मगच रंगाला सुरुवात करतात. सावंतवाडीच्या गंजिफांची पानेही चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांनी गुळगुळीत केल्यावरच रंगतात. दशावतारी गंजिफेच्या १२० पानांवरील इवल्याशा आकृती इतक्या रेखीव दिसतात, त्यात या पूर्वतयारीचा मोठा वाटा आहे.

पांढरे अस्तर वाळल्यावर जेथे लाल रंग यावयाचा आहे, तेवढ्याच भागावर दुसरे, रंगीत अस्तर द्यावे. हीच या साऱ्या विद्येतील गुरुकिल्ली. खाली गेरूचा तांबूस रंग असेल तर वरचा लाल भरदार दिसतो; गुलाबी असेल तर उजळ; पिवळसर नारिंगी असेल तर ऊबदार, शेंदरी छटेचा. वरच्या थराची जाडी थोडी कमी-अधिक झाली तरी खालचा रंग त्याच कुळातला असल्यामुळे फरक डोळ्यांना टोचत नाही. खाली हिरवा असेल तर मात्र लाल मरगळतो. म्हणून जुन्या हिरव्या पागोट्याला लाल करताना आधी पांढरा, मग गेरू, हा क्रम चुकवू नये. गेरू घरी कालवावयाचा तर पाण्याबरोबर ॲक्रिलिकचे थोडे रंगहीन माध्यम घालावे, म्हणजे तो वाळल्यावर हाताला लागत नाही आणि वरच्या लालात मिसळत नाही.

एक जाड हात नव्हे, चार पातळ हात

शाळेतील पोस्टर रंगाचा बंधक बहुधा डिंकासारखा, पाण्यात विरघळणारा असतो. त्यावर दुसरा हात देताच पहिला भिजून सुटतो आणि रेघा पडतात. ॲक्रिलिक रंग एकदा वाळला की पाण्यात विरघळत नाही. म्हणून चित्रांना तोच घ्यावा. पोस्टर रंगच हाताशी असेल तर त्यात थोडे ॲक्रिलिक माध्यम मिसळावे.

रंग दुधाइतका पातळ असावा. साधारण जितका रंग तितके पाणी येथून आरंभ करून अंदाज घ्यावा. पहिला हात वाळल्यावर फिकट, डागाळलेला दिसेल; त्याने मन खट्टू होऊ देऊ नये. प्रत्येक हात हाताला कोरडा लागल्यावर पुढचा, असे तीन-चार हात दिले की रंग एकजीव होतो. अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा कुंचला फिरविला तर रंगाचा पापुद्रा फाटतो. राहिलेली जागा पुढच्या हातात भरून निघते. तेवढा धीर हवा.

कुंचला अगदी बारीक घेण्याची चूक पुष्कळजण करतात. दोन केसांच्या टोकावर रंग निम्म्या वाटेतच वाळतो. २ किंवा ३ क्रमांकाचा, गोल आणि टोक धरणारा कुंचला घ्यावा. रंगात बुडवून फडक्यावर टेकवून जादा रंग काढावा आणि एका कडेने दुसऱ्या कडेस न थांबता यावे. घडीच्या तळाशी साचलेला थेंब कोरड्या कुंचल्याने लगेच टिपून घ्यावा. इंदूर-ग्वाल्हेरकडील कोरड्या हवेत रंग ताटलीतच आटतो. अशा वेळी ताटलीत ओले फडके पसरून त्यावर बटर पेपर ठेवावा आणि रंग त्यावर घ्यावा. गोव्याच्या दमट हवेत उलट दोन हातांमधला अवकाश वाढवावा.

सावली, उजेड आणि शेवट

लाल उजळण्यासाठी त्यात पांढरा मिसळला तर पागोटे गुलाबी होते. त्याऐवजी नारिंगी मिसळून घड्यांच्या माथ्यावर लावावा. सावलीसाठी काळा नको. लालातच थोडा तपकिरी मिसळून तो घडीच्या तळाशी उतरवावा. सर्व वाळल्यावर एक दिवस जाऊ देऊन रोगण द्यावे. चकचकीत रोगणाने लाल खोल दिसतो, निस्तेज रोगणाने किंचित फिकटतो.

लाल रंगाची पारदर्शकता हा नेहमीच दोष नव्हे. बडोद्याजवळच्या संखेड्याचे कारागीर लाकडावर कथलाची नक्षी काढून तीवर लाखेचा पारदर्शक हात चढवितात, आणि रुपेरी नक्षी सोन्यासारखी झळकू लागते. खालचे झाकायचे की दाखवायचे, हे आधी ठरवून मग अस्तर निवडावे, एवढेच तात्पर्य.

एक विनंती मात्र शेवटी करावीशी वाटते. घरात सावंतवाडीचे, कोंडपल्लीचे किंवा कोप्पळ जिल्ह्यातील किन्नाळचे जुने, कारागिराच्या हातचे चित्र असेल तर त्याला नवा रंग मुळीच लावू नये. त्याचा विटलेला लाल हीच त्या हाताची खूण असते, आणि आपल्या चार हातांखाली ती कायमची पुसली जाईल. ते चित्र कपाटात, उन्हापासून दूर ठेवावे. किल्ल्यावर उभे करायला बाजारातले साधे मातीचे मावळे आहेतच. त्यांची पागोटी मुलांनाच रंगवू द्यावीत. चार पातळ हातांना दोन दुपारी लागतात, आणि दिवाळीच्या सुटीत तेवढा वेळ मुलांजवळ असतो.